जॅग्वार मोटारगाड्यांचे विद्युतीकरण

जॅग्वार या ब्रिटिश आलिशान व क्रीडा मोटारगाड्यांच्या नाममुद्रेने पेट्रोल आणि डिझेल इंजिनांकडून संकरित (हायब्रिड) व पूर्णतः विद्युत वाहनांकडे केलेल्या संक्रमणास जॅग्वारचे विद्युतीकरण असे म्हणता येईल. या वाटचालीची सुरुवात २०१० मधील सी-एक्स७५ या संकल्पना गाडीपासून झाली. २०१८ मध्ये आय-पेस ही कंपनीची पहिली पूर्णतः विद्युत गाडी बाजारात आली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये २०२५ पासून केवळ विद्युत गाड्या बनवण्याचे धोरण जाहीर झाले. जॅग्वारची मालकी २००८ पासून टाटा समूहाकडे आहे आणि भारतात विकल्या गेलेल्या अनेक जॅग्वार गाड्यांची जुळणी पुण्याजवळील कारखान्यात झाली आहे. त्यामुळे या संक्रमणाचे परिणाम इंग्लंड व ऑस्ट्रियाप्रमाणेच पुणे परिसरातील वाहनउद्योगावरही झाले.

## पार्श्वभूमी

विल्यम लायन्स व विल्यम वॉल्म्सली यांनी १९२२ मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे 'स्वॉलो साइडकार कंपनी' स्थापन केली. ही कंपनी आरंभी मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवत असे. पुढे ती मोटारगाड्यांकडे वळली. १९३५ मध्ये 'जॅग्वार' हे नाव प्रथम एका गाडीला देण्यात आले आणि १९४५ मध्ये ते कंपनीचे नाव झाले. एक्सके१२० (१९४८) आणि ई-टाइप (१९६१) या गाड्यांमुळे वेगवान, देखण्या आणि तुलनेने परवडणाऱ्या क्रीडा गाड्या बनवणारी कंपनी असा तिचा लौकिक झाला. फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत जॅग्वारने १९५१ ते १९९० या काळात सात वेळा जिंकली.

१९६०च्या दशकातील विलीनीकरणांनंतर जॅग्वार ब्रिटिश लेलँड समूहाचा भाग बनली. १९८४ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र झाली आणि १९८९ मध्ये फोर्डने ती विकत घेतली. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या दोन्ही नाममुद्रा २.३ अब्ज अमेरिकी डॉलरला खरेदी केल्या. त्यानंतर दोन्हींचा कारभार जॅग्वार लँड रोव्हर (जेएलआर) या एकाच कंपनीखाली आणण्यात आला. या दोन भावंडांत रेंज रोव्हरसारख्या गाड्यांमुळे लँड रोव्हरचा नफा वाढत गेला, तर जॅग्वारची विक्री जर्मन स्पर्धकांच्या तुलनेत नेहमीच कमी राहिली. जॅग्वारच्या विद्युतीकरणाचे निर्णय समजून घेताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

## संकरित प्रयोग

### सी-एक्स७५

जॅग्वार या नावाला ७५ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने सप्टेंबर २०१० मध्ये पॅरिस मोटार प्रदर्शनात सी-एक्स७५ ही संकल्पना गाडी मांडण्यात आली. तिच्या चारही चाकांना प्रत्येकी १४५ किलोवॉट क्षमतेची विद्युत मोटर जोडलेली होती. बॅटरी भारित करण्यासाठी नेहमीच्या इंजिनाऐवजी दोन लहान वायू टर्बाइन बसवण्याची कल्पना होती. अशा रचनेत टर्बाइन चाकांना थेट गती देत नाही. ते केवळ वीज निर्माण करते आणि गाडी विजेवरच चालते.

मे २०११ मध्ये कंपनीने विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाच्या सहकार्याने अशा जास्तीत जास्त २५० गाड्या बनवण्याचे जाहीर केले. या आवृत्तीत टर्बाइनची जागा १.६ लिटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाने घेतली व त्याच्या जोडीला विद्युत मोटरी ठेवण्यात आल्या. मात्र जागतिक आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन डिसेंबर २०१२ मध्ये हा प्रकल्प रद्द करण्यात आला. काही नमुना गाड्या तेवढ्या तयार झाल्या. २०१५ मधील 'स्पेक्टर' या जेम्स बाँड चित्रपटातील पाठलागाच्या प्रसंगात सी-एक्स७५ दिसते, परंतु थरारदृश्यांसाठी वापरलेल्या गाड्यांत संकरित यंत्रणेऐवजी साधे पेट्रोल इंजिन होते.

### प्लग-इन हायब्रिड गाड्या

प्लग-इन हायब्रिड गाडीत इंजिनाबरोबरच बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असते. त्यामुळे रोजचा जवळचा प्रवास विजेवर आणि लांबचा प्रवास इंधनावर करता येतो. जॅग्वारने २०२० मध्ये अशा दोन गाड्या सादर केल्या. एफ-पेस पी४००ई या गाडीत २ लिटरचे पेट्रोल इंजिन, १०५ किलोवॉटची मोटर व १७.१ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी होती आणि ती युरोपीय मानकांनुसार केवळ विजेवर सुमारे ५३ किलोमीटर जाऊ शकत असे. ई-पेस पी३००ई या लहान गाडीत १.५ लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन पुढील चाकांना आणि ८० किलोवॉटची मोटर मागील चाकांना गती देत असे.

स्पर्धक कंपन्यांच्या तुलनेत या गाड्या उशिरा आल्या. आधी पूर्ण विद्युत आणि नंतर प्लग-इन हायब्रिड असा जॅग्वारचा क्रम इतर बहुतेक कंपन्यांच्या उलट होता.

## फॉर्म्युला ई

जॅग्वारचा फॉर्म्युला वन संघ २००० ते २००४ या काळात कार्यरत होता. तो संघ विकल्यानंतर सुमारे १२ वर्षांनी, २०१६-१७ च्या हंगामात, कंपनीने फॉर्म्युला ई या विद्युत शर्यत मालिकेत प्रवेश केला. विद्युत मोटरींचे नियंत्रण, बॅटरीचे तापमान राखणे आणि ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवणे यांविषयीचा अनुभव रस्त्यावरील गाड्यांसाठी वापरणे हा या प्रवेशाचा घोषित हेतू होता.

एप्रिल २०१९ मध्ये रोम येथे मिच इव्हान्स याने संघाला पहिला विजय मिळवून दिला. २०२१-२२ च्या हंगामापासून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही मुख्य प्रायोजक झाली आणि संघाचे नाव 'जॅग्वार टीसीएस रेसिंग' असे ठेवण्यात आले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. तिच्यात जॅग्वारच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. २०२३-२४ च्या हंगामात मात्र संघाने सांघिक जागतिक विजेतेपद पटकावले.

आय-पेसची 'आय-पेस ई-ट्रॉफी' ही एकाच प्रकारच्या गाड्यांची मालिकाही २०१८ ते २०२० या काळात फॉर्म्युला ईसोबत घेतली गेली.

## आय-पेस

### रचना

आय-पेसची संकल्पना गाडी नोव्हेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे आणि प्रत्यक्ष उत्पादनाची गाडी १ मार्च २०१८ रोजी सादर झाली. तिचे संकल्पन इयन कॅलम यांच्या नेतृत्वाखाली झाले. उत्पादन इंग्लंडमध्ये न करता ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मॅग्ना स्टायर या कंत्राटी उत्पादकाकडे सोपवण्यात आले होते.

या गाडीत ९० किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी दोन्ही आसांच्या मध्ये, तळाशी बसवलेली होती. पुढील व मागील आसावर एकेक मोटर होती. दोन्हींची एकत्रित शक्ती २९४ किलोवॉट (सुमारे ४०० अश्वशक्ती) आणि आघूर्ण ६९६ न्यूटन-मीटर होते. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास तिला ४.८ सेकंद लागत. डब्ल्यूएलटीपी या चाचणी मानकानुसार तिचा पल्ला ४७० किलोमीटर होता.

इंजिन नसल्यामुळे गाडीचे नाक आखूड ठेवता आले आणि बाहेरून मध्यम आकाराच्या या गाडीत आतील जागा मोठी झाली. विद्युत मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण आघूर्ण देते, हा गुण क्रीडा गाडीला पोषक ठरतो. याउलट बॅटरीमुळे गाडीचे वजन २.१ टनांच्या पुढे गेले. वजन जास्त असले तरी ते तळाशी असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर ती स्थिर राहते.

### स्वागत

मार्च २०१९ मध्ये आय-पेस युरोपातील 'वर्षातील सर्वोत्तम गाडी' ठरली. जॅग्वारला हा सन्मान प्रथमच मिळाला. अल्पीन ए११० या गाडीशी गुणांची बरोबरी झाल्याने अधिक परीक्षकांची पहिली पसंती कोणाला, यावरून निकाल लावण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये तिला जागतिक पातळीवरील 'वर्षातील गाडी', 'वर्षातील संकल्पन' आणि 'वर्षातील हरित गाडी' हे तिन्ही पुरस्कार एकाच वेळी मिळाले. ऑडी, मर्सिडीज-बेंझ व पोर्शे यांच्या मोठ्या पल्ल्याच्या विद्युत गाड्या ग्राहकांच्या हाती पडण्यापूर्वी ती बाजारात आली होती.

मार्च २०१८ मध्ये वेमो या अमेरिकी कंपनीने आपल्या चालकविरहित टॅक्सी सेवेसाठी २०,००० पर्यंत आय-पेस घेण्याचा करार जाहीर केला. अमेरिकेतील अनेक शहरांत आय-पेस ही पुढे चालकविरहित टॅक्सी म्हणूनच अधिक ओळखली जाऊ लागली.

### अडचणी व उत्पादनाची अखेर

पुरस्कार मिळूनही या गाडीची विक्री अपेक्षेइतकी वाढली नाही. बॅटरी व सॉफ्टवेअरमध्ये मोठे बदल करण्याची गती स्पर्धकांनी राखली. आय-पेसच्या मूळ रचनेत तसे बदल झाले नाहीत. काही बॅटऱ्या अतितप्त होऊन आग लागण्याच्या धोक्यामुळे २०२३ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून अधिक गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. २०२४ मध्ये २०१९ सालच्या २,७६० गाड्यांबाबत पुन्हा तशीच कारवाई करावी लागली आणि त्या मालकांकडून परत विकत घेण्याचे कंपनीने मान्य केले. २०२४ च्या सुमारास आय-पेसचे उत्पादन थांबले.

## रद्द झालेले प्रकल्प

सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जुन्या ई-टाइपमध्ये विद्युत मोटर व ४० किलोवॉट-तासांची बॅटरी बसवून 'ई-टाइप झीरो' तयार केली. मे २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी व मेगन मार्कल यांच्या विवाहप्रसंगी ही गाडी वापरली गेल्याने ती जगभर दिसली. तिच्या विक्रीची घोषणा झाली, परंतु नंतर तो बेत सोडून देण्यात आला.

याहून महत्त्वाचा प्रकल्प एक्सजे या मोठ्या सेदान गाडीच्या विद्युत आवृत्तीचा होता. जुन्या एक्सजेचे उत्पादन थांबवताना, जुलै २०१९ मध्ये, बर्मिंगहॅमजवळील कॅसल ब्रॉमविच कारखान्यात विद्युत एक्सजे बनवण्याचे जाहीर करण्यात आले. गाडी अनावरणाच्या जवळ पोहोचलेली असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये हा प्रकल्प रद्द झाला.

## 'रीइमॅजिन' धोरण

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी जेएलआरचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी थिएरी बोलोरे यांनी 'रीइमॅजिन' हे धोरण जाहीर केले. त्यानुसार जॅग्वार २०२५ पासून पूर्णतः विद्युत नाममुद्रा होणार होती, तर लँड रोव्हर इंधन, संकरित व विद्युत असे तिन्ही पर्याय देत राहणार होती. २०३९ पर्यंत संपूर्ण कंपनीचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्टही ठेवण्यात आले. रद्द प्रकल्प व पुनर्रचना यांपोटी कंपनीने त्या आर्थिक वर्षात सुमारे १.५ अब्ज पाउंडांचा अपवादात्मक खर्च दाखवला.

या निर्णयामागे विक्रीचे गणित होते. २०१८ मध्ये जगभरात सुमारे १.८ लाख जॅग्वार विकल्या गेल्या आणि त्यानंतर हा आकडा घसरत गेला. एवढ्या विक्रीत प्रत्येक प्रकारची नवी इंजिने, नवे सांगाडे व विद्युत यंत्रणा यांचा समांतर खर्च पेलणे अवघड होते. म्हणून गाड्यांची संख्या कमी करून किंमत वाढवण्याचा आणि जर्मन कंपन्यांशी थेट स्पर्धा सोडून अधिक वरच्या श्रेणीत जाण्याचा मार्ग निवडण्यात आला.

एप्रिल २०२३ मध्ये नव्या मालिकेतील पहिली गाडी चार दारांची ग्रँड टूरर असेल, ती सोलिहल येथे बनेल, तिची किंमत एक लाख पाउंडांच्या पुढे असेल आणि तिचा पल्ला ७०० किलोमीटरपर्यंत असेल, असे सांगण्यात आले. तिच्यासाठी 'जेईए' हा फक्त जॅग्वारसाठीचा स्वतंत्र सांगाडा विकसित करण्यात आला. जुलै २०२३ मध्ये टाटा समूहाने इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात ४ अब्ज पाउंड खर्चून बॅटरी कारखाना उभारण्याचे जाहीर केले. अग्रतास या टाटा कंपनीचा हा प्रकल्प असून जेएलआर व टाटा मोटर्स हे तिचे पहिले मोठे ग्राहक आहेत.

२०२४ मध्ये एफ-टाइप या क्रीडा गाडीसह एक्सई व एक्सएफ यांचे उत्पादन संपले. एफ-पेस ही जुन्या मालिकेतील सर्वांत शेवटपर्यंत बनत राहिलेली गाडी होती. जुन्या गाड्या थांबणे आणि नव्या येणे यांत मुद्दाम अंतर ठेवण्यात आले व नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमधील नव्या जॅग्वारची विक्रीही बंद झाली.

## टाइप ०० व नव्या ओळखीवरील वाद

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी जॅग्वारने नवे बोधचिन्ह व नवी जाहिरात प्रसिद्ध केली. जाहिरातीत रंगीबेरंगी वेशभूषेतील मॉडेल होते, पण एकही गाडी नव्हती. समाजमाध्यमांवर तिच्यावर मोठी टीका झाली. कंपनीने आपला वारसाच पुसून टाकला, असा टीकाकारांचा आक्षेप होता. जॅग्वार कशाचीही नक्कल नसावी, या संस्थापक लायन्स यांच्या विचाराकडे आपण परतत आहोत, अशी कंपनीची भूमिका होती. जुन्या ग्राहकांपैकी बहुतेक जण नव्या महाग गाड्यांकडे वळणार नाहीत, हे कंपनीने गृहीतच धरले होते.

२ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील मायामी येथे टाइप ०० ही संकल्पना गाडी दाखवण्यात आली. लांब नाक, मागे झुकलेले छप्पर, मागील काचेचा अभाव आणि गुलाबी व निळा हे दोन रंग ही तिची वैशिष्ट्ये होती. लांब नाकाची रचना ई-टाइपच्या काळाकडे जाणारी होती आणि इंजिन नसल्याचा फायदा घेऊन नाक आखूड करणाऱ्या आय-पेसच्या नेमकी उलट होती. उत्पादनाच्या गाडीसाठी ७७० किलोमीटरपर्यंतचा पल्ला आणि १५ मिनिटांच्या चार्जिंगमध्ये सुमारे ३२१ किलोमीटरची भर हे उद्दिष्ट सांगण्यात आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जेएलआरचे उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी यांनी जेएलआरच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे स्वीकारली. या पदावरील ते पहिले भारतीय होत.

## पुणे व भारत

### पुण्यातील जुळणी

टाटा मोटर्सचा पिंपरी-चिंचवड येथील कारखाना व अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६६ पासूनचे आहे. जेएलआरच्या खरेदीनंतर तीन वर्षांनी, मे २०११ मध्ये, याच परिसरात जेएलआरच्या गाड्यांचा जुळणी कारखाना सुरू झाला. इंग्लंडमधून सुट्या भागांचे संच आणून येथे गाड्या जोडल्या जातात. लँड रोव्हर फ्रीलँडर २ ही येथे तयार झालेली पहिली गाडी होती. २०१३ च्या आरंभी जॅग्वार एक्सएफची जुळणी सुरू झाली. पुढे एक्सजे व एक्सई आणि २०१७ च्या अखेरीस एफ-पेस यांची भर पडली.

जुळणीचे मुख्य कारण सीमाशुल्क हे होते. ४०,००० डॉलरहून अधिक किमतीच्या पूर्ण तयार परदेशी गाडीवर भारतात अनेक वर्षे १०० टक्के मूळ सीमाशुल्क होते, तर सुट्या भागांच्या संचावर ते बरेच कमी होते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात महाग गाड्यांवरील मूळ दर ७० टक्के करण्यात आला, परंतु ४० टक्के उपकर लावल्याने एकूण भार जवळपास तेवढाच राहिला.

### विद्युत जॅग्वार व पुणे

आय-पेस भारतात २३ मार्च २०२१ रोजी सुमारे १ कोटी ६ लाख रुपये या किमतीपासून विक्रीस आली. ती ऑस्ट्रियातून पूर्ण तयार स्थितीत आयात केली जात असे. विद्युत गाड्यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के असला, तरी आयात शुल्कामुळे तिची किंमत चढी राहिली. कोणत्याही विद्युत जॅग्वारची जुळणी पुण्यात झाली नाही. जॅग्वारच्या इंधनावरील गाड्या थांबत गेल्या तसा पुण्यातील कारखान्याचा भर लँड रोव्हरकडे सरकला. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात करण्याचे जाहीर झाले. सोलिहलबाहेर या गाड्या तयार होण्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्यामुळे त्यांच्या किमती सुमारे १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या.

या काळात पुणे परिसरात विद्युत गाड्यांचे उत्पादन अन्यत्र रुजले. टाटांची नेक्सॉन ईव्ही रांजणगाव येथे बनते. मर्सिडीज-बेंझने सप्टेंबर २०२२ मध्ये ईक्यूएस ५८० या आलिशान विद्युत गाडीची जुळणी चाकण येथे सुरू केली व तिची किंमत १ कोटी ५५ लाख रुपये ठेवली. महिंद्राच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या गाड्याही चाकण येथे तयार होतात.

### धोरणात्मक घटक

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांवरील विद्युत गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित करण्यात आला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांवरील शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तरतूद आहे. विद्युत व संकरित गाड्यांना मात्र पहिली पाच वर्षे ही सवलत नाही. त्यामुळे केवळ विद्युत गाड्या बनवणाऱ्या जॅग्वारपेक्षा इंधनावर चालणाऱ्या लँड रोव्हरला या कराराचा लाभ आधी मिळणार आहे.

टाटा व जेएलआर यांच्यातील तंत्रज्ञानाची देवाणघेवाण दुसऱ्या मार्गाने सुरू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जेएलआरचा 'ईएमए' हा विद्युत सांगाडा टाटांच्या अविन्य या आगामी मालिकेसाठी वापरण्याचा करार झाला.

## मूल्यमापन

आलिशान विद्युत गाडी लवकर आणण्याचा मान जॅग्वारला मिळाला, परंतु तिच्यामागून तशाच आणखी गाड्या आल्या नाहीत. सी-एक्स७५, ई-टाइप झीरो व विद्युत एक्सजे हे तिन्ही प्रकल्प विक्रीपूर्वी थांबले आणि आय-पेसला उत्तराधिकारी मिळाला नाही. मोठ्या समूहांना एका विद्युत सांगाड्याचा खर्च अनेक नाममुद्रांवर वाटता येतो. जॅग्वारच्या मर्यादित विक्रीत ते शक्य झाले नाही. पूर्णतः विद्युत होण्याचा निर्णय घेताना जॅग्वारने मधली काही वर्षे जवळजवळ विक्रीविना काढण्याची जोखीम पत्करली. याच काळात काही आलिशान कंपन्यांनी आपली विद्युतीकरणाची मुदत पुढे ढकलून संकरित गाड्यांवर भर दिला.

पुण्याच्या दृष्टीने या इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. मालकी भारतीय असली, तरी एखादी गाडी येथे जोडली जाईल की नाही हे विक्रीचा आकडा आणि शुल्काची रचना यांवर ठरते. कमी संख्येने आणि अधिक किमतीला विकण्याचे जॅग्वारचे नवे धोरण स्थानिक जुळणीला अनुकूल नाही.

## हे सुद्धा पहा

- जॅग्वार लँड रोव्हर
- टाटा मोटर्स
- विद्युत वाहन
- फॉर्म्युला ई
- चाकण औद्योगिक क्षेत्र